कडेवर मूल एक

किहीम, रविवार, ३ नोव्हेंबर १९६८

चिरंजीव ठमीस,

काल दुपारी पोस्टमनने तुझं पत्र हातात दिलं तेव्हा मी वाल सोलत होते. दोन वर्षं आणि वर चार महिने तू मला कागदाचा कपटा पाठवला नाहीस, आणि आता एकदम चार पानं, तीही दोन्ही बाजूंनी! वाल तसेच पडून राहिले आणि शेजारच्या कोंबड्यांनी अंगणभर केले. असो, पत्र वाचताना मला वालांची आठवण राहिली नाही, हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

लग्न ठरवलंस, फार बरं झालं. रघू कंपाउंडर आहे, उंचीला तुझ्यापेक्षा बोटभर कमी आहे आणि भात तुझ्याहून बरा शिजवतो, एवढी माहिती मिळाली. सासूबद्दल मात्र अवाक्षर नाही. नर्सिंग शिकायला मुंबईला गेलेली मुलगी सासूला घाबरते की काय?

पत्राच्या शेवटी तू लिहिलं आहेस ते मी इतक्या वेळा वाचलं की पाठच झालं. 'एक डिसेंबरला ये. झालं गेलं मी विसरायला तयार आहे. आई म्हणून तूच बस. पत्रिकेतही तुझंच नाव छापतोय. जिने अंगठा उठवून मला टाकून दिलं, तिला काही कळवायचं नाही.'

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? ट्रंकेतली अंजिरी साडी काढून खांद्यावर टाकली आणि आरशात पाहिलं. पदराला कसर लागली आहे, पण घडीत लपवता येईल.

मग साडी परत ठेवली. ठमे, छापखान्याला तीन आठवडे थांबव. मला तुला काही सांगायचं आहे आणि ते एका बैठकीत लिहून होणार नाही. तीस वर्षं मी पोरांना 'न अडखळता सांग' म्हणून दटावलं, आता माझीच पाळी आली आहे.

साडेचार वर्षांची होईपर्यंत तू तुरुंगातल्या बायकांच्या बराकीत वाढलीस, तुझ्या आईजवळ, बायजाजवळ. हे तुला माझ्या तोंडून कळायला हवं होतं. विहिरीवर कुणीतरी टोमणा मारला आणि सतराव्या वर्षी तुला त्यातून कळलं. तू घर सोडून निघालीस तेव्हा ट्रंक हातात धरून दारात विचारलंस, "तिथे कसं होतं, तेवढं तरी सांग." मी तोंड फिरवलं होतं. ते आता सांगते.

रतन


किहीम, शनिवार, ९ नोव्हेंबर १९६८

चि. ठमीस,

आज शनिवार. शाळा दुपारी सुटली की अजूनही माझे पाय टांग्याच्या नाक्याकडे वळतात. आता टांगे जाऊन एसटी आली, आणि मला जायचंही कुठे नसतं.

१९५१ साली जिल्ह्याच्या महिला समितीच्या दोन बायका आमच्या शाळेत आल्या. तुरुंगात आयांबरोबर पाच पोरं आहेत, त्यांना शनिवारी दोन अक्षरं शिकवायला कोण येईल, असं त्यांनी विचारलं. बाकीचे मास्तर छताकडे पाहू लागले. नवरा जाऊन मला सहा वर्षं झाली होती, घरी मूलबाळ नव्हतं आणि शनिवारची दुपार मला खायला उठायची. मी हात वर केला. लोकांनी त्याला समाजसेवा म्हटलं, मीही म्हणू दिलं.

फाटकावर सिराजुद्दीन हवालदार असे. मेंदी लावलेली दाढी, आणि पुढ्यात एक जाडजूड नोंदवही. आत गेलेली प्रत्येक वस्तू बाहेर आली पाहिजे, यावर त्याचा फार कटाक्ष. खडू मोजून आत सोडायचा आणि तुकडे मोजून बाहेर घ्यायचा. पहिल्याच महिन्यात मी त्याला तुझा वाढदिवस विचारला. त्याने जुनी पानं उलटून १९५० च्या जानेवारीतली ओळ दाखवली. 'बायजा कोंडाजी, राहणार उरण. कडेवर मूल एक.' ना नाव, ना वय.

बायजा मिठागरावर कामाला होती. मुकादमाने तिचा हात धरला, तिने हातातलं फावडं घातलं. तो आठ दिवसांनी मेला आणि हिला सात वर्षं झाली. तुझ्या बापाने, कोंडाजीने, वर्षाच्या आत दुसरी केली आणि तुरुंगाकडे फिरकला नाही. आत आलीस तेव्हा तू पाच-सहा महिन्यांची होतीस. बायजाला तारीख ठाऊक नव्हती. भाताची लावणी आटपली आणि तू झालीस, एवढंच ती सांगायची.

तुम्ही पाच पोरं कशी होतात म्हणून सांगू! संध्याकाळी बायकांची गिनती व्हायची. तुमची नव्हे, तरी तुम्ही रांगेच्या टोकाला छाती काढून उभी राहायचात. दिवसभराचा खेळही तोच. तू हवालदार व्हायचीस आणि सोनाबाईच्या रंगूला, सदाला आणि बराकीतल्या मांजराला रांगेत बसवायचीस. मांजर उठून गेलं की बोंब मारायचीस, "एक कमी! एक कमी!" एकदा पहारेकरी खरंच धावत आला होता.

भिंतीपलीकडे समुद्र होता. त्याचा आवाज तुम्ही कळायला लागल्यापासून ऐकत होतात, पण पाहिला कुणीच नव्हता. तू एकदा मला विचारलंस, "मास्तरीन, पल्याडची बाय जातं कवा थांबवते?" कुणीतरी बाई रात्रंदिवस दळत बसली आहे असं तुला वाटायचं. मी हसले आणि टांग्यात बसल्यावर रडले.

त्यानंतर मी बाहेरचं जग टोपलीतून आत नेऊ लागले. शिंपले, करवंदं, भाताची लोंबी, गांधीलमाशीचं घर असलेली फांदी. आणि एका शनिवारी जिवंत कोंबडी. सिराजुद्दीनने कपाळाला हात लावला, पण लिहिलं, 'कोंबडी एक, आत.' तुम्ही पोरांनी तिला घेरलं. सदा घाबरून आईच्या लुगड्यात शिरला. तू तिच्यासमोर उकिडवी बसलीस आणि तिला गिनतीला उभं राहायचा हुकूम सोडलास. त्या गोंधळात बाईसाहेबांनी तिथेच अंडं घातलं.

बाहेर पडताना सिराजुद्दीनने वही उघडली आणि माझ्या हातातल्या अंड्याकडे बघत बसला. "बाई, मुर्गी आत गेली तिची नोंद हाय. हा अंडा कुनाच्या नावावर लिहू? अल्ला कसम, हा तर आतच पैदा झालाय. याला बाहेर सोडायचा हुकूम माझ्याकडं न्हाय." शेवटी अंडं परत आत गेलं. बायजाने ते उकडून दोऱ्याने पाच भाग केले, आणि तुझा भाग सगळ्यांत लहान ठेवला. दुसऱ्याच्या पोरांना आधी द्यायची तिची खोड होती. मला तेव्हा ती खोड आवडायची नाही. तुला कमी मिळालं म्हणून मी तिच्यावर चिडले होते.

हे वाचून कळलं असेल की मी तुला केव्हापासून माझी समजायला लागले होते.

रतन


किहीम, शनिवार, १६ नोव्हेंबर १९६८

ठमे,

ज्यासाठी ही पत्रं सुरू केली ते आज लिहिते. तीन कागद फाडून झाले.

तुरुंगात मूल आईपाशी पाच वर्षांचं होईपर्यंतच ठेवत. मग नातेवाइकांकडे, कुणी नसेल तर अनाथाश्रमात किंवा एखाद्या भल्या माणसाकडे. तपासणी वर्षातून एकदा, फेब्रुवारीत व्हायची. ज्या पोरांच्या जन्माची नोंद नाही, त्यांचं वय ठरवायला तिथेही आम्हा शाळामास्तरांचीच रीत होती. उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डाव्या कानाला लावायचा. कान हाती आला तर पाच पूर्ण. नाही आला तर अजून लहान.

१९५४ च्या जानेवारीत बायजाने मला कोपऱ्यात बोलावलं. तिच्या ओळखीत लिहिता-वाचता येणारं माणूस मी एकटीच, म्हणून तिने विश्वास टाकला. बोटांवर मोजून तिने मला सगळं सांगितलं. सूट धरून तिची सुटका पुढल्या वर्षीच्या जूनमध्ये होती. यंदा तुझा हात पोचला नाही, तर पुढच्या तपासणीपर्यंत घोर नव्हता. पुढच्या तपासणीनंतर उरणार होते चार महिने, आणि तेवढी डोळेझाक तुरुंगाचे डॉक्टर करतील असं सिराजुद्दीन म्हणाला होता. म्हणजे तुम्ही दोघी एकदमच फाटकाबाहेर पडला असतात.

"मास्तरीन, पोचंल का वो तिचा हात?" तिने विचारलं. मी तुला उभं करून पाहिलं. दोन बोटं कमी पडत होती. तसं सांगितल्यावर बायजा हसली. तीन वर्षांत मी तिला मोकळी हसताना पहिल्यांदा पाहिलं.

मी घरी आले आणि मला जेवण गेलं नाही. दोन बोटं कमी म्हणजे तू बायजाबरोबर उरणला जाणार, मिठाच्या चिखलात उभी राहणार आणि माझ्या शनिवारीही नसणार. तुला शाळा मिळायला हवी, समुद्र दिसायला हवा, असं मी स्वतःला बजावत होते. ते खोटं नव्हतं. पण त्याच्याखाली जे होतं ते एवढंच, की मला तू हवी होतीस.

पुढच्या तीन शनिवारी मी तुम्हाला एक नवा खेळ शिकवला, पोपटाचा. पोपट मान वाकडी करतो, पंख डोक्यावरून नेतो आणि कान खाजवतो. मान उजव्या खांद्याकडे कलती केली की डावा कान वर येतो आणि दोन बोटांचं अंतर भरून निघतं. पोराला वर्षभर आधी शाळेत घुसवायला बघणारे आईबाप हेच शिकवून आणतात आणि आम्ही मान सरळ करून तो डाव हाणून पाडतो. मी दरवर्षी वीस-वीस माना सरळ केल्या होत्या. तेव्हा मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. बाकीची पोरं खेळ विसरली. तुला मी प्रत्येक वेळी चिंचेची गोळी दिली, म्हणून तू विसरली नाहीस. बायजा शेजारी बसून टाळ्या वाजवत होती.

तपासणी मंगळवारी होती. शाळेतून रजा काढून मी गेले. जेलरसाहेबांनी सांगायच्या आत तू मान कलती केलीस, कान पकडलास आणि शाबासकीसाठी माझ्याकडे पाहिलंस. डॉक्टरांनी लिहिलं, 'पाच वर्षे पूर्ण.' नातेवाईक कोण, असं साहेबांनी विचारलं. कुणीच नव्हतं. मी पिशवीतून अर्ज काढून टेबलावर ठेवला. आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता.

बायजाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तिच्यापुढे कागद आला आणि तिने अंगठा केला. त्या अंगठ्याचं मी तुला काय सांगितलं होतं? 'तुझ्या आईने आपण होऊन तुला देऊन टाकलं.' ठमे, तो अंगठा सगळ्याच आया करायच्या. नाही केला तरी मूल बाहेर जायचंच. तिने तुला टाकलं नाही. मी तुला तिच्याकडून काढून घेतलं.

एवढ्यावर थांबले नाही. पुढचे सोळा महिने शनिवारी मी बराकीत जात राहिले, पण तुला कधी नेलं नाही. "तिला सर्दी आहे, तिची परीक्षा आहे, ती मामाकडे गेली आहे." तुला कुठला मामा? बायजा 'बरं' म्हणायची. सुटली त्या दिवशी ती उरणकडची होडी धरायला रेवसला न जाता चालत आधी किहीमला आली. तू शाळेत होतीस. मी तिला तुझी पाटी, तुझा फ्रॉक, तुझी खाट दाखवली आणि म्हटलं, "ती आता मला आई म्हणते. तुझ्या नावाला लागलेला तुरुंग तिच्या नावाला का लावतेस?" हे मी म्हटलं. मीच.

तिने एकदा लांबून बघू द्या म्हटलं. मधल्या सुट्टीत मी तिला कुंपणापाशी उभं केलं. तू लंगडी घालत होतीस. घंटा होईपर्यंत तिने पाहिलं आणि निघून गेली. मी दिलेले पोहेही तिने घेतले नाहीत.

दर वैशाखात कुणीतरी आपल्या ओट्यावर मिठाची पिशवी ठेवून जायचं, आणि मी तुला सांगायचे की उरणच्या ओळखीच्या माणसाने दिलं. ती तिचीच असायची.

आता तुला सगळं ठाऊक झालं. मी मंगळवारी उरणला जाते आहे. आधी तिला तोंडाने सांगणार, मगच हे पाकीट पेटीत टाकणार. नाहीतर पुन्हा माझी हिंमत जाईल.

रतन


किहीम, गुरुवार, २१ नोव्हेंबर १९६८

ठमे,

जाऊन आले. १६ तारखेचं पत्र आणि हे, दोन्ही एकाच पाकिटात घालते आहे.

रेवसहून तरीच्या होडीने खाडीपलीकडे करंजाला उतरले आणि तिथून चालत गेले. मिठागरांची बांधबंदिस्ती चालू आहे. दहा-बारा बायका गुडघाभर चिखल तुडवत होत्या. बायजाने मला लांबूनच ओळखलं, पाय धुतले आणि बांधावर येऊन बसली. वय बेचाळीसच्या पुढे नसेल, पण केस पार पांढरे झाले आहेत. सोनाबाई गेल्या साली वारली, रंगूला एक मूल आहे, असं तिनेच मला सांगितलं. मी शेवटची चौकशी केव्हा केली होती, आठवत नाही.

मग मी सांगितलं. पोपट, चिंचेच्या गोळ्या, पिशवीतला अर्ज, सगळं. ती पायाच्या बोटांतला चिखल काढत ऐकत होती.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "पोर आपसूक मान कलती करंल व्हय?"

मी विचारलं, "कधीपासून ठाऊक होतं?"

"तवाच. सायबाच्या म्होरं तिनं कान धरला आन् तुमच्याकडं बघितलं. माझ्याकडं न्हाय. तवाच कळलं."

"मग बोलली का नाहीस बायजा? साहेब समोर होते. एक शब्द बोलली असतीस तर त्यांनी पुन्हा हात मोजला असता आणि मला हाकलून दिलं असतं."

"म्हंजे काय झालं आसतं? तुमाला गेटातून पुना आत घेतलं नसतं." ती मला समजावून सांगत होती, आम्ही पहिलीच्या पोराला सांगतो तसं. "सोनाबाईची रंगू व्हती, सदा व्हता, आनिक दोन व्हती. त्यांना शनवारी कोन आलं आसतं? ती पोरं शनवारची वाट बघत जगायची, बाई. माझी एक गेली. बाकीची चार हाईत, त्यांचं काय?"

ठमे, मी त्या बाईला चौदा वर्षं अडाणी समजत आले. तिला काही कळलं नाही या भरवशावर मी झोपत होते. आणि ती माझं पाप गिळून बसली होती, ते मला वाचवायला नाही, तर चार परक्या पोरांची शनिवारची दुपार वाचवायला. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी बांधावर बसून तोंडात पदर कोंबून रडले. तिने मला उगी केलं नाही, आणि तेच बरोबर होतं.

मी क्षमा मागितली. तिने क्षमा केली नाही. करेल असं वाटत नाही, आणि मीही पुन्हा मागणार नाही.

तुझ्या लग्नाचं सांगितलं तेव्हा मात्र ती सावरून बसली. मुलगा दारू पितो का, तुला रोज उभ्याने काम करावं लागतं का, तुला कुठला रंग खुलतो, एकामागून एक विचारत सुटली. मी म्हटलं, "तू ये ना लग्नाला. मी घेऊन जाते." तेव्हा ती एकदम ताठ झाली.

"तुमी न्याल तर न्हाय यायची. तिनं सोता बोलावलं तर यीन."

तेव्हा आता माझं ऐक. बाईंचं हे शेवटचं सांगणं समज. पत्रिकेत माझं नाव घालू नकोस. एक तारखेला मी येणार नाही. रुसून नव्हे. जिथे मी बसायची तू म्हणतेस, ती जागा मी एकदा चोरून घेतली होती, दुसऱ्यांदा तू स्वतः दिलीस तरी घेववत नाही. पुढे कधी तुला वाटलं तर मला चार ओळी लिही. नाही वाटलं तरी माझी तक्रार नाही. पण मला तुझी आठवण येणार, ठमे, रोज येणार, आणि ते लपवण्याइतकी मी अजून सुधारलेली नाही.

बायजाला वाचता येत नाही, तेव्हा पत्र पाठवून भागणार नाही. दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायची पाळी तिच्यावर पुन्हा आणू नकोस. रविवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून उरणला जाणारी मोऱ्याची लाँच धर. उतरलीस की मिठागरांची वाट कुणीही दाखवेल. दुपारपर्यंत ती चिखलातच असते. डोक्याला फडकी बांधलेल्या दहा-बारा बायका दिसतील, त्यांत ती कोणती ते तुला ओळखू येणार नाही.

ती तुला ओळखेल. पण गप्प राहील, कारण गप्प राहायची तिला सवय झाली आहे. तू आधी बोल.

रतन दिघे